बे चोक आठच्या पुढे

कालव्याला पाणी सुटायचं होतं त्याच दिवशी भोईटे बाईंचा घसा बसला. एरवी त्यांनी वर्गात पाढा सुरू केला की वस्तीच्या टोकाला गोठ्यात काम करणाऱ्या बायांनाही तो ऐकू जायचा. त्या दिवशी मात्र तोंडातून नुसती हवा बाहेर पडत होती. आल्याचा काढा झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, खडीसाखर झाली, कशाचा काही उपयोग झाला नाही. गोष्ट किती क्षुल्लक, पण बाईंचा आवाज त्या दिवशी शाबूत असता तर पुढचं काहीच उघडकीला आलं नसतं.

प्रमिला भोईटे लवणवस्तीच्या शाळेत सव्वीस वर्षं पहिली-दुसरी शिकवत होत्या. पोरानं उंबऱ्यात पाय ठेवला की त्याचं कुठे बिनसलंय ते बाईंना कळतं, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. कुणाला अक्षरं उलटी दिसतात, कुणाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कोण घरच्या भांडणाच्या धसक्यानं शेजारच्याला चावतं, हे त्या पहिल्या पंधरवड्यात सांगत. तालुक्याचे डॉक्टर दोन महिने तपासण्या करून तेच कागदावर लिहीत. म्हणूनच 'चाहूल' नावाचं यंत्र बनवणारी पुण्याची मंडळी शोधत शोधत त्यांच्या दारात येऊन बसली होती.

चाहूलमागचं विज्ञान समजायला तसं सोपं होतं. मुरलेल्या शिक्षिकेचे डोळे तिच्या मनाच्या आधी पोचतात. भरल्या वर्गात एखादं पोर बिनसलं की तिची बुबुळं आधी तिकडे वळतात आणि 'याचं काहीतरी बिघडलंय' हा विचार पाऊण सेकंदानं मागून येतो. बुबुळं का वळली, हे तिलाही सांगता येत नाही. बाईंना अठरा महिने एक चष्मा दिला होता. त्यांची नजर कुठे गेली ते तो टिपायचा, आणि छतातले कॅमेरे व माइक त्याच क्षणी प्रत्येक मूल काय करत होतं ते टिपायचे. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून यंत्र शिकत गेलं. मुलाच्या कोणत्या हालचालीला, आवाजातल्या कोणत्या बदलाला ही बाई सावध होते, ते त्याला उमगलं. आता बाईंची नजर उचलून कुठल्याही शाळेच्या छतात बसवता येणार होती. तिथल्या नवख्या शिक्षकाच्या टॅबवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ठिपका दिसेल. लाल म्हणजे ताबडतोब तपासा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा आणि हिरवा म्हणजे निर्धास्त राहा.

येत्या सोमवारपासून बारा हजार शाळांत हे ठिपके दिसू लागणार होते. 'यंत्राची नजर माझ्या नजरेशी जुळते' अशा अर्थाच्या कागदावर बाईंची सही तेवढी बाकी होती, आणि ती घ्यायला ऋजुता बर्वे नावाची इंजिनियर मुलगी सकाळीच पुण्याहून आली होती. सहीचा फोटोही निघणार होता. बाईंनी त्यासाठी ठेवणीतली इरकल नेसली होती आणि आपण ती सहज नेसलोय असं त्या शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना दोनदा सांगून आल्या होत्या. माणूस आहे, सव्वीस वर्षांनी एखादी कौतुकाची वेळ आली तर एवढं चालायचंच.

पण कालव्याला पाणी सुटायचा दिवस असला की बाई सकाळपासून धास्तावलेल्या असत, आणि त्या दिवशीही होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गातली रेश्मा नावाची सात वर्षांची पोर शाळेतून घरी जाताना कालव्यात गेली होती. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या जुन्या गेटच्या भिंतीवरून पाय घसरला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. पाहायला कुणी नव्हतंच. तिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, 'शांत, गुणी, सांगेल ते ऐकते'. तेव्हापासून बाई कालव्याच्या काठानंसुद्धा चालत नसत.

दुपारच्या सुट्टीनंतर पाढ्यांची वेळ झाली. रोज बाई एक ओळ म्हणत आणि सगळा वर्ग एका सुरात ती मागून म्हणे. आज म्हणायला बाईंना आवाज नव्हता. पुढे उभं कुणाला करायचं याचा त्यांना विचारही करावा लागला नाही. खिडकीजवळच्या दुसऱ्या रांगेत शिवन्या लोखंडे मांडी घालून, हाताची घडी करून बसली होती. दोन घट्ट वेण्या, स्वच्छ गणवेश आणि वहीला कव्हर. वर्षभरात या पोरीची एकही तक्रार नव्हती. टॅबवर तिचा ठिपका वर्गात सगळ्यात गडद हिरवा होता. पाढे तिला पाठ होते, फक्त एकटीनं म्हणायची वेळ कधी आली नव्हती. बाईंनी तिला खुणेनं पुढे बोलावलं.

शिवन्यानं सुरुवात छान केली. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. वर्ग मागून म्हणत होता. बे चोक आठ झालं, वर्गानं ते घोळवून म्हटलं, आणि पुढची ओळ आलीच नाही.

बाईंना वाटलं, विसरली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण ते कुठेच पाहत नव्हते. पापण्यांची बारीक फडफड चालली होती. ओठांच्या कडा काहीतरी चघळल्यागत हलत होत्या. बाईंनी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला, तरी पोरीची नजर जराही सरकली नाही. आठ-दहा सेकंद गेले असतील, बाईंना मात्र ते फार लांब वाटले. मग शिवन्यानं एकदा डोळे मिचकावले आणि काहीच झालं नाही अशा आवाजात ती म्हणाली, "बे पंचे दहा."

वर्गातलं एकही पोर दचकलं नव्हतं. बाईंच्या अंगावर काटा आला तो यानंच जास्त. पहिल्या रांगेतल्या तनिष्कानं त्यांना धीर दिला, "बाई, तिची रेंज गेलती. येती लगीच माघारी."

बाईंनी बसक्या आवाजात विचारलं, असं कधीपासून होतं. उत्तरं चारी बाजूंनी आली. शाळा सुरू झाल्यापासून. रोज. लई वेळा. शिवन्याची रेंज गेली की पोरं तिचं खोडरबर उचलत आणि ती माघारी आल्यावर शोधू लागली की हसत. त्यांचा हा खेळच होता. मधल्या सुट्टीत तर रेंज किती आकड्यांपर्यंत जाते ते मोजायची पैज लागे. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, फक्त दोघींना नव्हतं. एक खुद्द शिवन्या, आणि दुसऱ्या भोईटे बाई.

शिवन्या तिथेच उभी होती. आपलं काय चुकलं ते तिला कळेना आणि तिचे डोळे भरून आले. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगी अशक्त असेल, रक्त कमी असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि आईला बोलावून घ्यायचं ठरवलं. आई अर्चना कालव्यापलीकडे फुलांच्या पॉलीहाऊसवर कामाला होती आणि तिथे कामाच्या वेळात फोन काढून ठेवतात. शाळेची जुनी पद्धत अशी की निरोप भरवशाच्या पोरापाशी द्यायचा. बाईंनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली, शिवन्याच्या मुठीत दिली आणि लगेच जा, आईला घेऊनच ये म्हणून सांगितलं. पाणी संध्याकाळीच येतं, तोवर पोर पुलावरून जाऊन माघारीही येईल, असं त्यांनी धरलं होतं. सव्वीस वर्षांत अशा शेकडो चिठ्ठ्या त्यांनी अशाच शेकडो गुणी पोरींच्या हातून धाडल्या होत्या.

ती गेल्यावर मुलांना चित्रं काढायला बसवून बाई ऋजुताकडे आल्या. ती ऑफिसात लॅपटॉप लावून बसली होती. वर्गाचा एका सुरातला पाढा होता त्यातून एकाच मुलीचा आवाज वेगळा काढता येईल का, असं बाईंनी विचारलं. ऋजुताला त्यात काही अवघड वाटलं नाही. प्रत्येक मुलाच्या आवाजाची ठेवण यंत्राला माहीत होती. तिनं आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग घेतलं, एकोणचाळीस आवाज पुसले आणि एक ठेवला.

रिकाम्या खोलीत शिवन्या एकटीच पाढा म्हणू लागली. बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. मग काहीच नाही. पंख्याची घरघर तेवढी. आणि एकदम, मधल्या चार ओळी गिळून, बे नवे अठरा. सूर बरोबर, ताल बरोबर. तिनं बाकीच्यांना अचूक गाठलं होतं. तीनाच्या पाढ्यात पुन्हा भोक होतं, प्रार्थनेत एक आणि कवितेत दोन होती. ऋजुताचा हात थांबला. तिनं यंत्राला दिवसभरातली अशी भोकं मोजायला सांगितलं, आणि आकडा आला सदतीस.

ही फिट असते, ऋजुता हळूच म्हणाली. हातपाय झाडत नाहीत, फेस येत नाही, माणूस पडतही नाही. मेंदूतल्या विजेचा ताल काही सेकंद बिघडतो आणि तेवढा वेळ मूल तिथे नसतंच. हाक ऐकू जात नाही, मागचं आठवत नाही. औषधानं बहुतेक वेळा आवरतं, पण आधी कुणीतरी ओळखावं लागतं. शांत मुलींमध्ये ते स्वप्नाळूपणा म्हणून वर्षानुवर्षं खपून जातं. मग तिनं आणखी काही कळा दाबल्या आणि ती पडद्यावर वाकली. काय दिसतंय ते बाईंनी दोनदा विचारलं.

"यंत्राला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं, बाई," ऋजुता म्हणाली. "पण तुम्ही त्या क्षणांना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाहीत. म्हणून ते महत्त्वाचं नाही, असं ते तुमच्याकडून शिकलं."

तिनं पडदा बाईंकडे वळवला. वर्गाच्या नकाशावर बाईंची नजर जिथे जिथे पडली तिथे तांबडा रंग साचला होता. दंगा करणाऱ्या समर्थच्या जागी तो गच्च होता. चावणाऱ्या, रडणाऱ्या, अडखळणाऱ्या सगळ्यांच्या जागा भरल्या होत्या. खिडकीजवळच्या दुसऱ्या रांगेत पांढरं होतं. आठ महिन्यांत बाईंची नजर शिवन्यावर सगळी मिळून अकरा मिनिटं थांबली होती, तीही बहुतेक तिच्या वहीवर. जे पोर त्रास देत नाही त्याच्याकडे पाहायची गरज नाही, हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. अशा पोरांना शाबासकी म्हणून 'गुणी' म्हणायचं आणि पुढच्या पोराकडे वळायचं, अशी त्यांना सवयच पडली होती.

याच वेळी बाहेरून कुणीतरी ओरडत गेलं की पाटाला पाणी आलं, मोटारी जोडा.

बाई खुर्चीतून उठल्या त्या तशाच धावत सुटल्या. लगेच जा, असं त्यांनी सांगितलं होतं. सांगेल ते ऐकणारी पोर लगेच म्हणजे लगेचच जाणार. पुलावरून पॉलीहाऊसला जायला अर्धा तास लागतो आणि गेटच्या भिंतीवरून पंधरा मिनिटं. ऋजुता मागून हाका मारत होती. बाईंच्या पायातली चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलं नाही. उसावर औषध मारणारा ड्रोन डोक्यावरून गेला, बांधावरच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं, आणि बाईंना ओरडून सांगताही येईना, कारण ओरडायला आवाजच नव्हता. त्यांना मरणाची भीती वाटत होती. रेश्माच्या आईचा त्या दिवसाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

कालवा तुडुंब चालला होता. जुन्या गेटची भिंत जेमतेम दीड वीत रुंद; एका अंगाला काठोकाठ गढूळ पाणी, दुसऱ्या अंगाला पाणी आदळून फेसाळत होतं. भिंतीच्या मधोमध शिवन्या उभी होती. पाठीला दप्तर, मुठीत चिठ्ठी. ती पुढे जात नव्हती, मागे येत नव्हती. तोंड पाण्याकडे होतं आणि बाईंनी लांबूनच ओळखलं की ती तिथे नाही.

ऋजुता धापा टाकत पोचली आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं. बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. आता हाक ऐकू जाणार नव्हती, आणि भानावर येता येता ऐकू गेली तर पोर दचकली असती. बाईंनी इरकलीचा काचा मारला आणि त्या भिंतीवर बसून, दोन्ही बाजूंना पाय सोडून, हातांनी स्वतःला पुढे ढकलू लागल्या. खाली पाहायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. गुडघे सोलवटले. त्या मनातल्या मनात आकडे मोजत होत्या आणि दर आकड्याला पोरीचा तोल जाताना त्यांना दिसत होता.

नऊ झाले तेव्हा शिवन्यानं डोळे मिचकावले. तिनं वळून पाहिलं, तर शाळेत खुर्चीवर बसणाऱ्या बाई भिंतीवर घोड्यावर बसल्यागत बसलेल्या. "बाई, तुमी हितं कशाला?" तिनं विचारलं. "मी जातीच हाय की आईकडं."

बाईंनी तिला खाली बसायला सांगितलं, आपल्यासारखं पाय सोडून. तिच्या दप्तराचा पट्टा त्यांनी मनगटाला दोन वेढे घालून धरला. आता वळून माघारी जायचं होतं, म्हणजे बाईंची तिच्याकडे पाठ होणार होती. रेंज पुन्हा कधी जाईल ते तिला कळणार नाही आणि बाईंना दिसणार नाही. तेव्हा बाईंच्या बसक्या घशातून कसेबसे शब्द निघाले.

"बेचा पाढा मोठ्यानं म्हणत ये. थांबायचं नाही. तू थांबलीस की मला कळेल."

शिवन्या म्हणू लागली. बाई इंच इंच सरकत होत्या आणि नुसतं ऐकत होत्या. अकरा वर्षं ज्या पाण्याला त्या भ्यायल्या, त्याचा आवाज कानाआड करून त्यांनी त्या बारीक आवाजाला कान लावला होता. पाढा एकदा पुरा झाला. दुसऱ्यांदा सुरू झाला. बे त्रिक सहा, बे चोक आठ. मग काहीच नाही. बाईंनी पट्टा दोन्ही हातांनी आवळला, भिंतीला पाय गच्च दाबले आणि त्या थांबून राहिल्या. मागे ओझं एका बाजूला कलतंय असं वाटलं. पट्टा मनगटात रुतला. पाणी जात राहिलं.

"बे पंचे दहा," मागून आवाज आला, आणि बाई पुढे सरकल्या.

काठावर ऋजुतानं दोघींना ओढून घेतलं. पोरीचा पाढा म्हणायचा आवाज ऐकून पलीकडच्या काठावर अर्चना धावत आली होती. ती पुलावरून वळसा घालून येईपर्यंत बाई पोरीला मांडीवर घेऊन चिखलात बसून होत्या. आल्यावर तिला सगळं सांगितलं. फिट हा शब्द ऐकताच अर्चनाचा चेहरा पडला. माझ्या पोरीला असलं काही नाही, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. लोकांना कळलं तर तिचं पुढं कसं व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. मग ती एकदम बाईंवर उलटली.

"तुमीच लिवलं हुतं की बाई, पोर गुणी हाय म्हणून. तुमच्या नजरंतनं काय सुटत न्हाई म्हणत्यात. मग आज कुठनं आलं हे?"

"माझ्या नजरेतून सुटली," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, अर्चना. तिची नाही आणि तुझीही नाही. उद्या सकाळी मी स्वतः तुमच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात येते."

अर्चनानं पोरीचा हात मात्र बाईंच्या हातातून सोडवला नाही.

ऑफिसात परत आल्यावर ऋजुतानं सहीचा कागद बाहेर काढला नाही. बाईंनीच तो मागितला, आडवा फाडला आणि तुकडे टेबलावर ठेवले. ऋजुता अडखळत म्हणाली की वरचे लोक सोमवार पुढे ढकलायला तयार होणार नाहीत. आधी सुरू करू, सहा महिन्यांनी दुरुस्ती करू असं म्हणतील. बारा हजार शाळांत सहा महिने शिक्षक हिरव्या ठिपक्याकडे पाहून निर्धास्त राहतील, असं बाईंनी तिला सांगितलं आणि वरच्या लोकांना फोन लावायला लावला. बोलणं पाऊण तास चाललं. बसक्या घशानं बाईंनी काय काय ऐकवलं ते ऋजुताला जन्मभर आठवेल. शेवटी पलीकडून विचारलं गेलं की एका मुलीवरून एवढं कशाला, अशा आणखी मुली आहेत याला पुरावा काय.

रेश्माचं नाव बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. तिचा आवाज कुणी टिपलेला नव्हता. वर्ग एका सुरात म्हणत असताना ती मधे थांबत होती का, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. बाईंना ते कधीच कळणार नव्हतं आणि त्यातून त्यांची सुटका नव्हती.

चाचणीसाठी दोनशे शाळांत चाहूल आधीच चालू होती. बाईंनी ऋजुताला सांगितलं, तिथली लाल आणि पिवळी मुलं असू देत, हिरवी उघड. सगळ्यात गडद हिरवी आधी. एकेकीचा आवाज वेगळा काढ. फोन चालूच ठेव, त्यांनाही ऐकू दे.

पहिली मुलगी कुठल्याशा डोंगरातल्या गावची होती. तिनं पाढा न चुकता पुरा केला. दुसरीनंही केला, थोडा घाईत. बाईंनी हळूच श्वास सोडला. बाहेर शाळा सुटली होती आणि पोरं दप्तरं आपटत घरी निघाली होती. तिसरी मुलगी कोणत्या गावची होती कुणास ठाऊक, आवाज गोड होता, शब्द स्पष्ट होते. ती पाचाचा पाढा म्हणत होती. पाच त्रिक पंधरापर्यंत आली आणि थांबली.

बाई घड्याळाकडे पाहू लागल्या. चार वाजून गेले होते, म्हणजे त्या पोरीची शाळाही आत्ताच सुटली असणार.